स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना वजन आणि जेवण कसं सांभाळावं: गोव्यातल्या घरांसाठी मार्गदर्शक

संधिवात, ल्युपस, आतड्यांची सूज, रक्तवाहिन्यांचा दाह, डोळ्यांतली युव्हायटिस अशा लांबणाऱ्या दुखण्यांसाठी ज्यांना नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी प्रेडनिसोलोन घेतली आहे. राहते फोंड्यात, आणि आमच्या घरी रोज शीत-हुमणच (भात आणि माशांची आमटी) शिजतं. तयार मिळणारे आहारतक्ते बहुधा ओट्स आणि ब्रोकोलीचे असतात. ते चार दिवस पाळले जातात आणि पाचव्या दिवशी घरचं जेवण सुरू होतं. म्हणून घरच्या जेवणातच काय बदलायचं, तेवढंच इथे सांगते.

दोन गोष्टी आधीच ठामपणे सांगते. वजन वाढतंय म्हणून गोळी स्वतःच्या मनाने कमी करायची नाही, बंद तर मुळीच करायची नाही. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा, ताटाचा निर्णय आपला. आणि ताटात हात घालायचा तो आधी मिठाला, भाताला नंतर. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पहिल्याच दिवशी भात बंद होतो आणि लोणच्याची बरणी तशीच टेबलावर राहते.

१. गोळी कोणती, किती आणि कुठवर, हे लिहून घ्या

आपण घेतो ती कॉर्टिकोस्टेरॉइड्स. व्यायामशाळेतली पोरं स्नायू फुगवायला घेतात ती वेगळी. त्यांच्याबद्दल ऐकलेलं इकडे लावू नका. आपलं औषध म्हणजे मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी जे कॉर्टिसोल बनवतात, त्याच घराण्यातलं रसायन. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं त्यानंतर काही दिवसांत चालू लागली, आणि १९५० चं नोबेल या कामाला मिळालं. औषध इतकं गुणकारी आहे म्हणूनच डॉक्टर ते देतात, हे मनात पक्कं असू द्या.

चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट यांपैकी एक नाव बहुधा असेल. यांचे मिलिग्रॅम एकमेकांशी थेट जुळत नाहीत. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ, मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिग्रॅ आणि डेफ्लाझाकोर्ट ६ मिग्रॅ यांची ताकद जवळपास सारखी धरतात. शेजारच्या काकींना 'चारचीच' गोळी आहे आणि आपल्याला पाचची, म्हणून आपला आजार मोठा, असं काही नसतं. आपलं शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल स्वतः बनवतं, ते प्रेडनिसोलोनच्या साधारण ५ मिग्रॅच्या आसपास येतं. त्याच्या वर जितका डोस आणि जितके जास्त महिने, तितकी वजन वाढण्याची शक्यता जास्त.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: हा डोस किती दिवस, नंतर कसा उतरवणार, आणि स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून दुसरं औषध जोडणार का? मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं त्यासाठीच असतात. दुखणं दुसऱ्या औषधाने ताब्यात आलं की स्टेरॉइड उतरतं, आणि वजनावर याहून मोठा उपाय नाही. मेथोट्रेक्सेट मिळालं तर ती गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गोळी सकाळी, नाश्ता झाल्यावर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही सकाळीच चढतं, त्या लयीशी हे जुळतं. रात्री घेतली तर झोप उडते, आणि जागरणात स्वयंपाकघराकडे पाय वळतात. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा सांगितली असेल तर अर्थात त्यांचंच ऐका.

२. काट्यावर वाढलेलं वजन नेमकं कशाचं, ते ओळखा

हे समजलं की अर्धी घालमेल थांबते. स्टेरॉइडवर शरीरात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात.

पहिली, पाणी. मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि सोडियमबरोबर पाणी थांबतं. अंगठी घट्ट होते, संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटतो. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर ती चरबी असूच शकत नाही: एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागतात.

दुसरी, भूक. ही मनाची हाव नव्हे, औषध मेंदूतली भुकेची यंत्रणाच चाळवतं. जेवून तासभर झालेला असतो आणि पुन्हा पोट रिकामं वाटतं. घरच्यांनीही हे समजून घ्यायला हवं. आजारी माणसाला 'किती खातेस' म्हणून टोचणं फार वाईट.

तिसरी, अदलाबदल. मांड्या-दंडांतले स्नायू झिजतात आणि चरबी पोटावर, गालांवर, मानेच्या मागे जमते. वजन फार न वाढताही चेहरा गोल दिसतो. तो केवळ उपाशी राहून जात नाही. डोस उतरला की काही महिन्यांत आपोआप ओसरतो. आरशासमोर उभं राहून स्वतःला दोष देऊ नका.

पाण्यावर उपाय मीठ कमी करणं, भुकेवर उपाय वेळा बांधणं, स्नायूंवर उपाय प्रथिनं आणि हालचाल. आधी कागद आणि तपासण्या उरकू, मग पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

३. कागद, तपासण्या आणि वस्तू गोळा करा

एका फाइलमध्ये ठेवायचं: निदानाचे आणि डिस्चार्जचे कागद, सगळ्या चिठ्ठ्या, इस्पितळाचा केसपेपर आणि डोस कधी किती होता याची तारीखवार नोंद. पाकिटात एक वेगळं कार्ड असू द्या. त्यावर औषधाचं नाव, सध्याचा डोस, कधीपासून, आजार आणि घरच्यांचा फोन नंबर. बेशुद्धावस्थेत कोणी १०८ च्या रुग्णवाहिकेतून नेलं तर डॉक्टरांना सर्वांत आधी हेच कळायला हवं.

तपासण्या सुरुवातीलाच झालेल्या बऱ्या, म्हणजे पुढे तुलना करता येते: वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), पोटॅशियम, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व. तीन महिन्यांहून जास्त औषध चालणार असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी (डेक्सा) आणि डोळ्यांची तपासणी यांबद्दल विचारा. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींचा धोका वाढतो. गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) मोठ्या इस्पितळात दाखवत असाल तर डॉक्टरांकडे आहारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. आपण मागितली नाही तर गर्दीत राहून जाते.

घरात हव्यात अशा वस्तू: डिजिटल वजनकाटा, शिंप्याची टेप, मापाचे चमचे, एक वही. साखरेची प्रवृत्ती असेल तर ग्लुकोमीटर. बस्स.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर करा. पहिला महिना रोज केलं तर पाणी चढतंय का ते दिसतं. नंतर आठवड्यातून एकदा पुरे. कमरेचा घेर पंधरा दिवसांनी मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही रेषा मानतात.

साखरेची एक गोम लक्षात ठेवा. सकाळी गोळी घेतली की साखर दुपारी-संध्याकाळी चढते आणि पहाटेपर्यंत उतरलेली असते. फक्त उपाशीपोटी तपासली तर सगळं ठीक दिसतं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासलेली साखर इथे जास्त खरं सांगते.

४. मीठ: इथेच सर्वांत जास्त जोर लावा

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम सपाट चहाचा चमचाभर. यात भाजीतलं, पावातलं, लोणच्यातलं सगळं आलं.

आमच्या घरी केलेली सोय सांगते. सकाळी एका लहान वाटीत चौघांसाठी सपाट तीन चमचे मीठ काढून ठेवायचं आणि मिठाचा डबा वर फळीवर. दिवसभराचं हुमण, भाजी, पोळ्यांची कणीक, सगळं त्या वाटीतून. दुपारीच वाटीचा तळ दिसू लागला की रात्रीच्या डाळीत हात आपोआप आखडतो. कमी मिठाचं ताट वेगळं शिजवायचा खटाटोप नको, घरातल्या सगळ्यांचंच कमी होतं, आणि रक्तदाबवाल्या सासू-सासऱ्यांनाही ते हवंच असतं. पहिले काही दिवस जेवण मचूळ लागतं. पाच-सहा आठवड्यांत जीभ रुळते.

चव मिठाशिवायही आणता येते, आणि त्यासाठी लागणारं सगळं आपल्या घरात आहे. हुमणात तिरफळं थोडी जास्त ठेचून घाला, भिंडाची सोलां (कोकम) धुऊन घाला, धणे-मिरी भाजून वाटा, आणि मीठ अगदी शेवटी, गॅस बंद करताना. शेवटी घातलेलं मीठ थोडं असलं तरी जिभेला जाणवतं. बांगड्याला मीठ-हळद लावून तासभर ठेवण्याऐवजी लिंबू, आलं-लसूण आणि मिरचीचं वाटण लावा.

आता लपलेलं मीठ. गोव्यात ते कुठे कुठे असतं बघा:

- सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, ताजं नुस्तं मिळत नाही, आणि नेमके हेच दोन महिने सुक्या बांगड्यांवर आणि सुंगटांच्या (सुक्या कोळंबीच्या) किसमुरीवर निघतात. पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी भरून ठेवतात तो) सगळा साठाच मिठात मुरलेला असतो. खायचंच तर आधी पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला, आणि आठवड्यातून एकदा, तोंडीलावण्यापुरतं. भिजवल्याने मीठ कमी होतं, पूर्ण जात नाही.
- मिठातली तोरां, आंबाड्याचं लोणचं, मिसकूट, पापड, सांडगे.
- बाटलीतलं आगळ (कोकमाचा रस). ते टिकावं म्हणून मीठ घालूनच करतात. सोलकढी हवी तर सुकी सोलां भिजवून करा आणि मीठ घालू नका.
- पाव, उंडे, पोयी, खारी, बटर. ब्रेड खारट लागत नाही, म्हणून लक्षातच येत नाही.
- चोरीस (गोव्याचं सॉसेज), सॉस, झटपट नूडल्स, फरसाण.
- ॲसिडिटीवर घेतात ती फसफसणारी पावडर. तिच्यात सोडियमच असतं.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. दिवसाची मर्यादा सोडियमची २,००० मिलिग्रॅम.

सैंधव घेतलं तर चालतं, असं पुष्कळ जण सांगतील. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे, पाणी तेवढंच धरतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. आणि 'घाम जातो, मीठ हवंच' हे मे महिन्यातलं पालुपद आपल्याला लागू नाही. घामाला पाणी प्या.

५. भुकेच्या वेळा आधीच अडवा

स्टेरॉइडची भूक अडवायला निश्चय पुरत नाही, तिच्यासाठी आधी काहीतरी शिजवून ठेवावं लागतं. माझा अनुभव आणि सोबतच्या रुग्णांचाही असा की सर्वांत अवघड वेळ दुपारी चार ते सात. चहा होतो, चहाबरोबर दोन बिस्किटं, मग दोन आणखी, मग कोणीतरी गरम भजी किंवा सामोसे आणतं.

म्हणून चार वाजताचं खाणं हे जेवणासारखं ठरवून करा. उकडलेलं अंडं, मोड आणून शिजवलेले मूग, वाटीभर उकडलेले चणे वर कांदा-लिंबू, किंवा बिनमिठाचं ताक आणि भाजलेले शेंगदाणे मूठभर. सकाळी स्वयंपाक करतानाच चणे शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे. भूक लागल्यावर शिजवायला घेतलं तर शिजेपर्यंत खारीचा डबा उघडलेला असतो.

सकाळचा नाश्ता चुकवू नका. रिकाम्या पोटी गोळी नको, आणि नाश्ता चुकला की अकराला भूक दुप्पट येते. भाजी-पाव रोजचा असेल तर भाजी जास्त आणि पाव एक. वर मिरचीभजी नको. नाचण्याची आंबील किंवा बिनगुळाचं तिझान (नाचण्याची खीर), सोबत अंडं किंवा दही, हा मला सर्वांत टिकणारा नाश्ता वाटतो.

रात्री जेवण आठच्या आत. त्यानंतर भूक आलीच तर कपभर बिनसाखरेचं दूध.

पेय मोजा. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे साखर चघळलीसुद्धा नाही. सॉफ्ट ड्रिंक आणि डब्यातले फळांचे रस पूर्ण बंद. हुर्राक-फेणीबद्दलही स्पष्ट सांगते: स्टेरॉइडवर पोटाचं अस्तर आणि हाडं आधीच नाजूक असतात, दारू दोन्हींना त्रास देते. सोबत मेथोट्रेक्सेट असेल तर यकृतालाही. औषध चालू आहे तोवर नकोच.

६. ताट बदला, जेवण नको

नेहमीच्या ताटाचे मनात चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग मासळी, अंडं किंवा कडधान्य, आणि एक भाग शीत. आपल्याकडे सवय उलटी: शिताचा डोंगर, त्यावर हुमण, आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. शीत सोडायची गरज नाही. उकडे तांदूळ असतील तर उत्तम, ते पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा थोडे सावकाश पचतात. पण उकडे आहेत म्हणून दुसऱ्यांदा घेऊ नका. वाटी मोजून एकदाच.

प्रथिनं वाढवा, कारण स्नायू झिजताहेत. साधारण हिशेब किलोमागे एक ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम लागतील. दोन मध्यम बांगड्यांचं मांस १०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं येतात. दोन अंड्यांतून १२, दोन वाट्या घट्ट डाळीतून किंवा अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोणकातून १२ ते १४, ग्लासभर दुधातून ६ ते ७, बाकीची तांदूळ-पोळीतून. म्हणजे महागडी पावडर आणायची काहीच गरज नाही. बांगडे आणि तारले इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) स्वस्तही असतात, आणि ओमेगा-३ भरपूर. श्रावणात किंवा सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी जेवण) असेल त्या दिवशी प्रथिनं एकदम खाली घसरतात. त्या दिवशी मूग, पनीर, सोयाबीन, दही आठवणीने ताटात हवं.

खोबऱ्याबद्दल बोलल्याशिवाय गोव्यातल्या आहाराबद्दल बोलता येत नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात. हुमणातून ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. दुपारच्या हुमणात खोबरं असेल तर त्याच जेवणातल्या भाजीत नको, आणि रात्री फोडणीची डाळ किंवा चिंचेची पातळ आमटी. मासे तळताना रव्यात घोळवून तेलात सोडण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तेलात, किंवा केळीच्या पानात गुंडाळून. एका चहाच्या चमचाभर तेलात ४० ते ४५ कॅलरी असतात, आणि रवा तेल शोषतो.

भाज्यांना कमतरता नाही: तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, दुधी, भेंडी, पावसाळ्यात तायकिळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी पालेभाजी घेतली तर भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुऊन, शिजवूनच खा. स्टेरॉइडवर जंतुसंसर्ग लवकर होतो. कच्चे मोड, उघड्यावरचं कापलेलं फळ, अर्धीकच्ची कालवं, न उकळलेलं विहिरीचं पाणी टाळा.

पोटॅशियम कमी होऊ शकतं म्हणून केळं, शहाळं, टोमॅटो चांगले, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे आणि वर सांगितलेली प्रथिनंही डॉक्टरांना विचारूनच. आतड्याच्या आजारवाल्यांचं पोट बिघडलेलं असताना सालीची कडधान्यं आणि कच्च्या भाज्या सोसत नाहीत. तेव्हा मऊ पेज, अंडं, मासळी हेच बरं. पेजेसोबत लोणचं मात्र नको.

७. हाडं आणि स्नायू

हाडांची सर्वांत वेगवान झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते, म्हणून याकडे 'पुढे बघू' म्हणून चालत नाही. आहार आणि गोळी मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० युनिट ड जीवनसत्त्व असं धोरण असतं. नेमकं किती ते डॉक्टर सांगतील. दोन ग्लास दुधातून ४५० ते ५०० मिलिग्रॅम येतं, ५० ग्रॅम नाचण्यातून १७० ते १८० मिलिग्रॅम. लहान तारले काट्यांसकट मऊ शिजवून खाल्ले तर तेही कॅल्शियमच. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि लोह किंवा थायरॉइडच्या गोळीपासून तिला वेगळी ठेवायची. थायरॉइडच्या गोळीशी चार तासांचं अंतर हवं.

चालणं रोज अर्धा तास. मिरामारला किंवा दुसऱ्या किनाऱ्यावर जात असाल तर घोटे दुखणाऱ्यांनी मऊ वाळू टाळून पाण्याजवळच्या घट्ट ओल्या वाळूवरून किंवा सरळ पदपथावरून चालावं. आपला पावसाळा चार महिन्यांचा, तेव्हा पडवीत किंवा हॉलमध्ये येरझाऱ्या घाला. चालण्याबरोबर ताकदीचा व्यायाम हवाच, कारण मांड्या आधी कमजोर होतात. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाण्याच्या भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन दंड उचला. हाडं विरळ झाली आहेत असं तपासणीत आलं असेल तर कमरेतून खोल वाकण्याची आसनं नकोत. जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना अचानक जड जाऊ लागलं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

८. उपास, चवथ, जत्रा

निर्जळी उपास या काळात नाही. एकादशीला फराळ म्हणून साबुदाणा खाल्ला तर तो जवळपास निव्वळ स्टार्च, दुपारची साखर झपकन चढते. उपास करायचाच असेल तर दूध, दही, शेंगदाणे, फळ, आणि गोळी पोटात काहीतरी गेल्यावरच.

चवथीला नेवऱ्या, पातोळ्या, मोदक घरात असतात आणि खायला नाही म्हणणं घरच्यांना बोचतं. मी जेवणाआधीच ठरवते, आज काय एक खायचं. पातोळी खाल्ली तर त्या दिवशी शीत निम्मं. खतखतं आणि मुगागाठी मात्र पोटभर खाव्यात, भाज्या आणि कडधान्यांचा तो सणच असतो. जत्रेतलं खाजं घरी पुडा भरून आणू नका. तिथेच दोन काड्या खाऊन मोकळं व्हावं. मे महिन्यात मानकुराद एक, जेवणाऐवजी मधल्या वेळेला. साखरेचा त्रास असेल तर अर्धा.

९. लोक फसतात अशा जागा

'सूज उतरवायला' म्हणून मेडिकलमधून पाण्याच्या गोळ्या आणणं. त्यांतल्या पुष्कळशा पोटॅशियम आणखी घटवतात आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि 'देशी' गोळ्या. अशा औषधांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार उघड झाले आहेत. आपल्या डोसवर तो दुसरा डोस चढतो आणि वजन का वाढतंय ते कोणालाच कळत नाही.

ज्येष्ठमध घातलेला काढा रोज पिणं. ज्येष्ठमध शरीरात कॉर्टिसोलचा परिणाम वाढवतं, पाणी धरतं आणि पोटॅशियम घालवतं. घशासाठी एखाद्या दिवशी चघळलं तर हरकत नाही, पण रोजचा काढा नको.

अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेणं. स्टेरॉइडबरोबर पोटात व्रण आणि रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

महिन्यात दहा किलोची हमी देणारे डाएट. त्यात आधी पाणी जातं, मग स्नायू, आणि स्नायू तर आपले औषधानेही जात असतात. डोस जास्त आहे तोवर वजन आहे तिथे रोखून धरलं तरी ते यश माना.

१०. यांतलं काही झालं तर वाट पाहू नका

दोन-तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन आणि सोबत धाप किंवा दोन्ही पायांना सूज. काळी शौच किंवा रक्ताची उलटी. खूप तहान, वारंवार लघवी, डोळ्यांपुढे अंधुक. ताप, विशेषतः थंडी वाजून. आणि सर्वांत महत्त्वाचं: उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नाही, अशी वेळ. महिनाभर किंवा जास्त स्टेरॉइड घेतल्यावर ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. बाहेरचं औषध अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. अशा वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा इस्पितळात जाऊन कार्ड दाखवा आणि इंजेक्शनची गरज आहे का ते विचारा. प्रवासाला निघताना दोन आठवड्यांच्या गोळ्या जादा ठेवायच्या, निम्म्या हातातल्या पिशवीत.

११. डोस उतरू लागला की

भूक आधी कमी होते, मग सूज, आणि पोटावरची चरबी सर्वांत शेवटी. ती आपोआप जात नाही. आता मात्र कॅलरी कमी करायला आणि चालणं वाढवायला योग्य वेळ असते. महिन्याला एक ते दीड किलो उतरलं तरी गती चांगली आहे.

डोस खाली येताना थकवा, अंगदुखी, निरुत्साह येऊ शकतो. आजार परत आला की फक्त डोस उतरल्याचा त्रास आहे, हे आपलं आपण ठरवू नका, डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या टप्प्यात ते सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसोल तपासणी सांगू शकतात. त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते आधी विचारून घ्या. गोळी पूर्ण बंद झाल्यावरही ॲड्रिनल ग्रंथींना पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. तोवर पाकिटातलं कार्ड काढू नका, आणि दात काढायचा असो की ऑपरेशन, भूल देण्याआधी स्टेरॉइड घेतल्याचं सांगा.